हरकतींचे साठ दिवस

फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने शहराच्या पुढच्या वीस वर्षांचा प्रारूप विकास आराखडा लोकांसमोर ठेवला. सूचना आणि हरकतींसाठी मुदत होती साठ दिवसांची. असल्या जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात छापून येतात आणि बहुतेक लोक त्या वाचतही नाहीत. या वेळी मात्र मुदत संपेपर्यंत महापालिकेकडे पन्नास हजारांहून अधिक हरकती जमा झाल्या. मुदतीला तीन दिवस उरले असताना, २१ एप्रिल २०१५ रोजी, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडा बाजूला ठेवून चार महिन्यांत दुरुस्त करण्याचा आदेश दिला. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेने काही वर्षे खपून, सल्लागार नेमून केलेले काम रहिवाशांच्या रेट्यापुढे मागे घ्यावे लागले.

ही घटना अचानक घडलेली नाही. तिची मुळे मुंबईच्या आधीच्या दोन आराखड्यांत आहेत.

विकास आराखडा म्हणजे शहरातल्या प्रत्येक भूखंडाचे भवितव्य. कुठे शाळा, कुठे मैदान, कुठे दवाखाना, कोणता रस्ता किती रुंद, कोणत्या जमिनीवर किती मजले, हे सगळे त्यात ठरते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार महापालिकेने आधी विद्यमान जमीन वापराचे सर्वेक्षण करायचे, त्यावरून प्रारूप आराखडा तयार करायचा, तो प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती घ्यायच्या, नियोजन समितीपुढे सुनावणी घ्यायची, सभागृहाची मान्यता मिळवायची आणि शेवटी राज्य सरकारकडे मंजुरीसाठी पाठवायचा. या लांबलचक साखळीत सामान्य रहिवाशाला हक्काने बोलता येते ते फक्त हरकतींच्या टप्प्यावर.

मुंबईचा पहिला आराखडा १९६४ साली तयार झाला आणि १९६७ साली मंजूर झाला. दुसरा १९८१ ते २००१ या काळासाठी होता, पण त्याला टप्प्याटप्प्याने मंजुरी मिळाली ती १९९१ ते १९९४ दरम्यान. म्हणजे वीस वर्षांच्या योजनेतली पहिली दहा वर्षे कागद फिरण्यातच गेली. कागदावर दोन्ही आराखडे उदार होते. मैदाने, बागा, शाळा, बाजार, प्रसूतिगृहे यांसाठी शेकडो भूखंडांवर आरक्षणे टाकलेली होती. प्रत्यक्षात नगररचनेच्या अभ्यासकांच्या हिशोबाप्रमाणे पहिल्या आराखड्याची अंमलबजावणी पाचव्या हिश्शाइतकीही झाली नाही आणि दुसऱ्याची साधारण एक तृतीयांश.

कारण साधे होते. आरक्षित जमीन ताब्यात घ्यायची तर मालकाला मोबदला द्यावा लागतो, आणि मुंबईतल्या जमिनीचा मोबदला म्हणजे अफाट रक्कम. कायद्याचे १२७ वे कलम सांगते की दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत तरीही पाऊल उचलले गेले नाही तर आरक्षण रद्द होते. महापालिका हातावर हात ठेवून बसली की मैदान आपोआप इमारतीला मोकळे होते. यावर तोडगा म्हणून १९९१ च्या नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, आणला. जमीन देणाऱ्या मालकाला पैशांऐवजी दुसरीकडे बांधकाम करण्याचा हक्क मिळू लागला. काही आरक्षणे त्यामुळे हाती आली हे खरे, पण त्याच वाटेने उपनगरांवर मजल्यांचा भार चढत गेला. पाणी, गटारे आणि रस्ते होते तेवढेच राहिले.

लोकांचा विश्वास सर्वांत जास्त उडाला तो गिरणगावात. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर लालबाग, परळ, वरळीतल्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या ऐन मध्यावर मोकळी होऊ लागली. १९९१ च्या नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने तिची वाटणी ठरवली होती: साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ साली राज्य सरकारने या नियमात बदल केला. वाटणी गिरणीच्या संपूर्ण जमिनीची करायची नाही, आवारात जी मोकळी जागा असेल तेवढ्याचीच करायची, असे ठरले. गिरणीच्या आवारात शेड, खाती, गोदामे दाटीवाटीने उभी असायची, मोकळी जागा थोडीच. म्हणजे शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याला तुकडे आले. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपने याला आव्हान दिले. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. नियमातल्या दोन-चार शब्दांच्या फरकाने किती जमीन हातची जाते, हे मुंबईकर तिथे शिकले. २०१५ साली नकाशे बारकाईने तपासायला बसलेल्या अनेकांच्या मनात हा गिरण्यांचा अनुभव ताजा होता.

तिसऱ्या आराखड्याचे काम २०११ च्या सुमारास सुरू झाले. सर्वेक्षण आणि आखणी एका खासगी सल्लागार कंपनीकडे सोपवली गेली. तिने उपग्रह छायाचित्रांच्या आधारे विद्यमान जमीन वापराचे नकाशे तयार केले, आणि पहिली ठिणगी इथेच पडली. हे नकाशे लोकांसमोर आले तेव्हा वॉर्डावॉर्डांतल्या रहिवासी संघटना, वास्तुरचनाकार आणि नगररचनेचे विद्यार्थी ते घेऊन प्रत्यक्ष गल्ल्यांमधून फिरले. नकाशा आणि जमीन यांचा मेळ बसत नव्हता. वापरात असलेल्या शाळा आणि दवाखाने नकाशात वेगळ्याच नोंदीखाली होते. वस्त्यांच्या जागी मोठमोठे भाग नुसते झोपडपट्टी म्हणून रंगवून सोडले होते. आत अंगणवाडी आहे की दवाखाना, पाण्याचा नळ आहे की शौचालय, याचा पत्ता नव्हता. शहराच्या निम्म्याच्या आसपास लोकसंख्या जिथे राहते तो भाग असा तपशिलाविना राहिला.

याच सुमारास दोन वेगळ्या थरांतले लोक एका कामासाठी एकत्र आले, आणि माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. एका बाजूला अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूटसारखी संस्था, जिच्याकडे नकाशे वाचण्याचे कौशल्य होते. दुसऱ्या बाजूला वस्त्यांमधून काम करणाऱ्या संस्था आणि कार्यकर्ते, ज्यांनी ‘हमारा शहर’ या नावाने मोहीम उभी केली. फेरीवाले, घरकामगार महिला, वस्तीतले तरुण, बेघरांसाठी काम करणारे लोक यांच्या बैठका भरल्या. महिला संघटनांनी पाळणाघरे, नोकरदार स्त्रियांची वसतिगृहे, संकटातल्या बायकांसाठी निवारे यांना आराखड्यात जागा मागितली. अशा मागण्या आधीच्या दोन आराखड्यांच्या वेळी कुणी नीटपणे मांडल्याही नव्हत्या. महापालिकेनेही विषयवार कार्यशाळा घेतल्या, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. म्हणूनच प्रारूप आराखडा बाहेर आला तेव्हा तो वाचू शकणारी माणसे शहरात तयार होती.

आराखड्यात नेमके काय होते? त्याचा मध्यवर्ती विचार होता चटई क्षेत्र निर्देशांक वाढवण्याचा. हजार चौरस फुटांच्या भूखंडावर निर्देशांक १ असेल तर हजार चौरस फूट बांधकाम होते. ८ असेल तर आठ हजार. तोवर मूळ निर्देशांक शहरात १.३३ आणि उपनगरांत १ होता. नव्या प्रारूपाने तो २ पासून पुढे नेला आणि काही रेल्वे स्थानकांच्या परिसरात थेट ८ पर्यंत. स्थानकाजवळ दाट वस्ती असली की लोक गाडीने फिरणार नाहीत, लोकलने जातील, असा त्यामागचा युक्तिवाद होता. जगातल्या अनेक शहरांत हा विचार चालतो आणि तो मुळातच चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. पण दादर किंवा अंधेरीच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा, इथे आणखी किती माणसे मावतील? स्थानके, पूल, जलवाहिन्या आधी वाढवायच्या की मजले आधी, हा प्रश्न रहिवाशांनी विचारला आणि आराखड्यात त्याचे समाधानकारक उत्तर नव्हते. मोकळ्या जागांचेही तसेच. मुंबईत माणशी प्रत्यक्ष वापरता येणारी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे. प्रारूपाने वीस वर्षांनंतरचे लक्ष्य ठेवले ते माणशी दोन चौरस मीटरचे. राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे दहा ते बारा चौरस मीटरची शिफारस करतात.

दुसरा मोठा वाद आरे कॉलनीचा. १९४९ साली शहराला दूध पुरवण्यासाठी वसवलेली ही गोरेगावची हिरवी जमीन, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून, आदिवासी पाडे पोटात घेऊन असलेली. तोवर ती ना-विकास क्षेत्रात होती. प्रारूपाने तिथे बांधकामाला दार उघडले. मेट्रोच्या कारशेडवरून तिथे आधीच असंतोष होता, त्यात ही भर पडली आणि ‘आरे वाचवा’ ही हाक शहरभर पोचली.

तिसरी चूक अधिक बोचणारी होती. कोळीवाडे आणि गावठाणे आराखड्यात नीट दाखवलेलीच नव्हती. वरळी, माहीम, वेसावे, शीव इथले कोळीवाडे, वांद्र्याची रानवर आणि चिंबई, गिरगावची खोताची वाडी: यांतल्या बहुतेक वस्त्या मुंबई नावाचे शहर जन्माला येण्याआधीपासूनच्या. बोटी ओढायची, जाळी वाळवायची, मासळी सुकवायची जागा ही कोळ्यांसाठी रोजीरोटी असते. नकाशात तिला नाव नसेल तर उद्या ती मोकळी जमीन ठरते. कोळी आणि ईस्ट इंडियन समाजाच्या संघटना म्हणूनच इतक्या त्वेषाने उतरल्या. वारसा वास्तू आणि वारसा परिसर यांच्या नोंदी गळल्याने जतनवादी मंडळी उठली. ज्यांच्या उभ्या इमारतीतून रस्त्याची रेघ गेली होती ते गृहनिर्माण सोसायट्यांचे सभासद उठले. धार्मिक स्थळांच्या नोंदी चुकल्या होत्या, तिथले विश्वस्त उठले. एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही न उभे राहणारे हे लोक एकाच खिडकीपुढे अर्ज घेऊन आले.

मार्च आणि एप्रिल २०१५ चे वॉर्ड ऑफिसांमधले दिवस त्या काळच्या वर्तमानपत्रांत वाचायला मिळतात. नकाशा कसा वाचायचा, आपला सिटी सर्व्हे क्रमांक कसा शोधायचा, हरकत कशी लिहायची, याची शिबिरे रहिवासी संघटनांनी घेतली. आराखडा मराठीतून द्या, ही मागणी जोर धरून होती. ज्या शहराचा कारभार मराठीतून चालायला हवा तिथे शेकडो पानांचा इंग्रजी तांत्रिक अहवाल देऊन लोकांचे मत मागणे हा अन्याय आहे, हे कार्यकर्त्यांचे म्हणणे रास्तच होते. शिवसेना, मनसे, काँग्रेस, सगळेच पक्ष आराखड्याविरुद्ध बोलू लागले. इथे एक गोष्ट विसरता कामा नये. प्रारूप प्रसिद्ध करण्याआधी ते महापालिकेच्या सभागृहापुढे आले होते. ते बाहेर आल्यावर विरोधाचे फलक धरणाऱ्या अनेक नगरसेवकांनी सभागृहात त्याची पाने किती उलटली होती, हा प्रश्न त्यांच्या मतदारांनी विचारायला हवा होता.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सरकारने माघार घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांत आयुक्त सीताराम कुंटे यांच्या जागी अजोय मेहता आले. निवृत्त सनदी अधिकारी रामनाथ झा यांच्याकडे दुरुस्तीचे काम सोपवले गेले. चार महिन्यांचे वर्षभर झाले, पण या वेळची पद्धत वेगळी होती. सल्लागाराच्या पडद्यावरच्या नकाशावर विसंबून न राहता वॉर्डनिहाय नकाशे पुन्हा तपासले गेले आणि ते तुकड्यातुकड्याने लोकांसमोर ठेवले गेले. मे २०१६ अखेरीस सुधारित प्रारूप प्रसिद्ध झाले. पुन्हा हरकती, पुन्हा सुनावण्या. ३१ जुलै २०१७ रोजी सभागृहाने त्याला मान्यता दिली आणि मे २०१८ मध्ये राज्य सरकारने मंजुरी दिली. १ सप्टेंबर २०१८ पासून ‘विकास आराखडा २०३४’ आणि त्याची नियमावली अमलात आली. २०१४ ला सुरू व्हायची योजना चार वर्षे उशिरा सुरू झाली.

रहिवाशांनी मिळवले काय?

बरेच मिळवले. शाळा, मैदाने, दवाखाने, देवळे, चर्च आपापल्या जागी परतली. ८ पर्यंत जाणारा निर्देशांक गेला. त्याऐवजी रस्त्याच्या रुंदीशी जोडलेली मर्यादा आली, निवासी बांधकामाला शहरात जास्तीत जास्त ३ आणि उपनगरांत २.५, व्यापारी बांधकामाला मात्र ५ पर्यंत. वारसा वास्तू नकाशात आल्या. स्त्रियांसाठीची आधार केंद्रे, नोकरदार महिलांची वसतिगृहे, वृद्धाश्रम, बेघरांचे निवारे ही आरक्षणे मुंबईच्या आराखड्यात आली, आणि ती वस्तीतल्या बायकांनी तासन्‌तास बैठकांत बसून मिळवलेली आहेत. आधीच्या दोन आराखड्यांत शहराने या गरजा नोंदवल्याही नव्हत्या.

पण मला वाटते, इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. चूक दुरुस्त करून घेणे एक आणि धोरण बदलून घेणे दुसरे. रहिवाशांनी पहिली लढाई जिंकली. तुमच्या शाळेवर चुकीचा रंग आहे, हे महापालिका मान्य करते, कारण ते नाकारता येत नाही. जमीन कुणासाठी आणि किती दाट वापरायची, हा प्रश्न मात्र सुनावणीच्या टेबलावर नीटपणे आलाच नाही. मंजूर आराखड्याने दहा लाख परवडणाऱ्या घरांच्या नावाने ना-विकास क्षेत्रातली आणि मिठागरांची काही जमीन खुली केली. मिठागरे भरतीचे आणि पावसाचे पाणी धरून ठेवतात. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या शहरात हा निर्णय ज्या गांभीर्याने चर्चिला जायला हवा होता तेवढा चर्चिला गेला नाही. एका भूखंडाच्या मालकाला हरकत घेणे सोपे असते. सगळ्या शहराच्या वतीने हरकत घेणाऱ्याचा सिटी सर्व्हे क्रमांक कोणता?

आरेने तर हा फरक फार कडवटपणे दाखवला. २०१५ च्या प्रारूपाने आरेत बांधकामाला उघडलेले दार दुरुस्तीत बंद झाले, म्हणून लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण मेट्रो कारशेड राहिलीच. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे तोडायला सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. पुढे २०२० साली कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचा आणि आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय झाला, तर २०२२ साली सरकार बदलल्यावर कारशेड पुन्हा आरेत आली. राखीव वन झालेली जमीन ही त्या आंदोलनाची खरी कमाई आहे, आणि ती विकास आराखड्याच्या बाहेर, रस्त्यावर उतरून मिळवावी लागली.

कोळीवाडे आणि गावठाणांना स्वतंत्र नियमावलीचे आश्वासन मिळाले. त्यासाठी आधी सीमांकन व्हायला हवे, आणि ते रेंगाळत राहिले. दरम्यान शेजारचे मनोरे चढत गेले आणि सागरी किनारा रस्त्याच्या कामावरून वरळीच्या कोळ्यांना आपल्या बोटींच्या वाटेसाठी वेगळा लढा द्यावा लागला. मार्च २०२२ मध्ये तर महापालिकेच्या सभागृहाची मुदतच संपली आणि पुढे दीर्घ काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. आराखड्यात फेरबदल करण्याची तरतूद कायद्याच्या ३७ व्या कलमात आहे. तसे फेरबदल होत राहतात, आणि त्या काळात त्यावर प्रश्न विचारायला निवडून आलेला नगरसेवकच नव्हता. ३७ व्या कलमाखालच्या फेरबदलाचीही जाहीर सूचना निघते आणि त्यावरही हरकत घेता येते. तिथे मात्र पन्नास हजार अर्ज येत नाहीत.

२०१५ चा विजय ज्या पायावर उभा होता तो पाया म्हणजे २०१२-१३ मध्ये नकाशे घेऊन गल्ल्यांतून फिरलेले लोक. प्रारूप येण्याच्या दोन वर्षे आधीच त्यांनी चुका शोधून ठेवल्या होत्या, म्हणून साठ दिवस पुरले. चालू आराखडा २०३४ पर्यंत आहे. पुढच्या आराखड्यासाठी विद्यमान जमीन वापराचे सर्वेक्षण त्याच्या काही वर्षे आधीच सुरू होईल, आणि त्या नकाशात ज्या मैदानाची नोंद नसेल ते मैदान पुढे मागूनही मिळणार नाही. मुंबईत राहणाऱ्यांनी, आणि पुणे, नाशिक, ठाणे, वसई, नागपुरात राहणाऱ्यांनीही, आपल्या वॉर्डाचा मंजूर आराखडा आताच पाहून घ्यावा. घराजवळच्या प्रत्येक आरक्षणाचा क्रमांक लिहून घ्यावा, त्या जागेवर आज काय आहे ते जाऊन पाहावे आणि वॉर्ड ऑफिसला लेखी विचारावे. आराखडा पाहायला मिळणे हा तुमचा हक्क आहे, तो वापरा.